संमोहनात उघडलेली मूठ

हात गेला त्या क्षणी तो दुखला नाही. दुखायला लागला तो घरी आल्यावर, म्हणजे हात नसताना.

नवी मुंबईत, पावण्याच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी पॉवर प्रेसवर होतो. पत्र्याची पट्टी खाली ठेवायची, पायानं पॅडल दाबायचं, वरून प्रेस येते, तुकडा कापून बाहेर पडतो. अनेक वर्षं हेच काम. एका सकाळी मी पॅडल दाबायच्या आधीच प्रेस खाली आली. उजवा हात कोपराच्या जरा खाली काढावा लागला. त्या सकाळचं याहून जास्त मला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते सांगावंसं वाटत नाही.

इस्पितळातून नेरूळला घरी आलो. पहिल्याच आठवड्यात दुपारी जेवताना मी बायकोला म्हणालो, "हात फार दुखतोय गं."

"कुठला?" तिच्या तोंडून पटकन निघून गेलं आणि ती तिथेच थांबली.

"उजवा," मी म्हणालो.

तिला वाटलं, टाके दुखत असतील. टाके दुखत नव्हते. दुखत होती मूठ. कोपरापासून पुढे हात जिथे असायला हवा होता तिथे तो मला पुरा जाणवत होता, मनगट, तळवा, पाची बोटं. पण बोटं घट्ट आवळलेली होती. अंगठा आत दाबलेला, नखं तळव्यात रुतलेली. आपण मूठ आवळली तर ती सोडता येते. ही सोडता येत नव्हती, कारण सोडायला हातच नव्हता. मी घामाघूम व्हायचो. बायको शेजारी बसून कोपराला तेल लावायची. एकदा मी इतका कळवळलो की तिला काय करावं सुचेना. तिनं चादरीवर, जिथे माझा तळवा असता त्या जागेवर, आपला हात ठेवला आणि ती चादर चोळत राहिली. मी तिला थांबवलं नाही.

हा हात नोकरीपुरता असता तर मला वाटतं, मी लवकर सावरलो असतो. पण तो ढोलकीचा हात होता. आमची गायन पार्टी होती. माझा चुलतभाऊ गायचा, त्याला मी दादा म्हणतो. मी ढोलकीवर. मागे कोरसला वस्तीतलेच चौघे-पाच जण. भीमजयंतीच्या दिवसांत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची. विहारात, मैदानात, कुणाच्या लग्नात, कुणाच्या नव्या घराच्या कार्यक्रमात. नेरूळपासून नावड्यापर्यंत, कधी पार उरणला. मी शाळेत असताना वडिलांनी गावाकडून, महाडच्या बाजूनं, एक जुनी ढोलकी आणली होती. तिच्यावर मी कुणाकडून न शिकता शिकलो. ढोलकीत डावा हात घुमवतो, पण बोलतो उजवा. गाण्यातला शब्द जिथे संपतो तिथून पुढची गोष्ट उजव्या हाताची बोटं सांगतात. दादा कार्यक्रमात एखादी ओळ अर्धी सोडून माझ्याकडे बघायचा आणि मी ती बोटांनी पुरी करायचो. लोक त्यावर टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्यांची मला सवय झाली होती.

अपघातानंतर मी पार्टीत जाणं बंद केलं. दादानं दुसरा वाजवणारा घेतला. त्याला मीच सांगितलं होतं, घे म्हणून. कार्यक्रमाच्या दिवशी लांबून लाउडस्पीकर ऐकू आला की मी खिडकी लावून घ्यायचो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी सुस्ती यायची, तोंड कोरडं पडायचं, पण मूठ सुटायची नाही. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनीच सांगितलं, की नेरूळ स्टेशनच्या पूर्वेला एक मानसोपचाराच्या बाई आहेत, त्या अशा दुखण्यावर संमोहन वापरतात, जाऊन तरी या.

बायको रस्त्यात म्हणाली, "मी येडी नाय झाले तुमच्यामागे, तुमी पन नाय झालात. मग हे कशाला? आनि संमोहन म्हंजे ते स्टेजवरचं ना?"

मलाही तेच वाटत होतं. लहानपणी आमच्या शाळेच्या मैदानात एक चमकदार कोटातला माणूस आला होता. त्यानं आमच्या शेजारच्या काकांना स्टेजवर बोलावलं, डोळ्यांसमोर बोटं फिरवली आणि हातात कच्चा बटाटा देऊन सांगितलं, हा पेरू आहे. काका तो कचाकचा खाऊ लागले. सगळं मैदान हसत होतं. मीही हसलो. नंतर कित्येक महिने काका नळावर पाणी भरायला आले की पोरं "पेरू, पेरू" म्हणून ओरडायची. संमोहन म्हटलं की मला त्या काकांचा खाली घातलेला चेहरा दिसायचा.

बाईंचा दवाखाना एका मेडिकलच्या वर होता. दोन खुर्च्या, एक पंखा, खिडकीखाली रिक्षांचा स्टँड. कुठे लोलक नाही, फिरणारं चक्र नाही. बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं सावकाश. मी बसल्या बसल्या विचारून टाकलं, "मला झोपवणार का?"

"नाही हो. उलट एरवी असता त्याहून जास्त जागे असाल. फक्त लक्ष एकाच गोष्टीकडे असेल."

"आणि तुम्ही सांगाल ते मी करणार?"

"मी सांगितलं, उठून नाचा, तर तुम्ही डोळे उघडाल आणि निघून जाल. जायलाच पाहिजे." त्या हसल्या. "स्टेजवर जे जातात त्यांना बऱ्याचदा गंमत करायचीच असते, किंवा एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायला लाज वाटते. इथे तसलं काही नाही. मला एक सांगा, तुम्ही कधी कशात इतके रंगलात का, की अंगाला काय होतंय ते कळलंच नाही?"

मी लगेच म्हणालो, "हो." एकदा भर मैदानातल्या कार्यक्रमात माझं बोट फुटलं होतं. कार्यक्रम संपेपर्यंत मला पत्ताच नव्हता. शेवटी ढोलकी खाली ठेवताना कातड्यावर रक्ताचे डाग दिसले आणि मग ते बोट ठणकायला लागलं.

"बोट आधीच फुटलं होतं," बाई म्हणाल्या, "पण दुखलं केव्हा? तुम्ही त्याच्याकडे बघितल्यावर. लक्ष दुसरीकडे गेलं, तेव्हा दुखणं मागे राहिलं. ते तुम्ही तेव्हा नकळत केलंत. मी ते जाणूनबुजून करायला शिकवते. एवढंच संमोहन. सगळ्यांना सारखं जमत नाही. तुम्हाला जमेल असं मी आत्ता सांगू शकत नाही. आणि गोळ्या माझ्या सांगण्यावरून बंद करू नका."

बायको इतका वेळ दाराशी पर्स धरून बसली होती. ती म्हणाली, "मी हितं बसले तर चालेल का?"

"बसा ना. बसायलाच हवं."

पहिल्या बैठकीत काहीच झालं नाही. बाई सांगत होत्या, खांदे सैल सोडा, श्वास जातोय येतोय तो बघा. मला हसू येत होतं. खाली दोन रिक्षावाले भांडत होते, तेच मी ऐकत राहिलो. दुसऱ्या वेळीही तसंच. बाईंनी घाई केली नाही. पुढच्या वेळी त्यांनी श्वासाचं सोडून दिलं आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. कार्यक्रम सुरू व्हायचाय. तुम्ही कुठे बसलात ते मला सांगा."

मी सांगू लागलो. सतरंजीची किनार, पुढे ठेवलेला माइक, बाजूला दादाची पेटी. पेटीवर दादानं ठेवलेला दुमडलेला रुमाल. बाई एक एक गोष्ट विचारत होत्या, रुमालाचा रंग, सतरंजी खरखरीत आहे का, समोर कोण बसलंय. त्यांचा आवाज हळूहळू मागे गेला. म्हणजे ऐकू येत होता, पण त्याला उत्तर द्यायला मला कुठून यावं लागत नव्हतं. खालून रिक्षाचा हॉर्न आला. मी तो ऐकला आणि त्याचं मला काहीच करायचं नव्हतं. शरीर जड झालं होतं, पण डोकं स्वच्छ. मला वाटलं असतं तर मी उठलो असतो. उठावंसं वाटत नव्हतं.

"गाणं सुरू व्हायच्या आधी तुम्ही काय करता?"

"हात चोळतो. गार असले तर बोटं नीट पडत नाहीत."

"मग चोळा."

माझा डावा हात उचलला गेला. समोर हवा होती, पण मला तळव्यावर तळवा लागला. खरखरीत, माझाच. मी चोळू लागलो आणि उजव्या तळव्यात ऊब आली. मूठ आवळलेली असताना तळवा कसा चोळला जाईल, हे तेव्हा मनातही आलं नाही.

"ऊब येऊ द्या. बोटांना काही सांगू नका. ती ऊब लागली की आपोआप सैल होतात, रोज होतात तशी."

करंगळी आधी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. शेवटी अंगठा बाहेर आला. किती महिन्यांनी तळव्याला वारा लागला. मी रडत होतो, हे मला डोळे उघडल्यावर बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. ती उभी होती आणि तिची पर्स खाली पडली होती.

बाईंनी मला ते घरी करायला शिकवलं. तोवर मला नावड्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये बसायचं काम मिळालं होतं. दुपारी कामावरून आलो की मी पलंगाच्या कडेला बसायचो. रविवारी सारसोळ्याच्या जेट्टीकडे जायचो, तिथल्या कठड्यावर बसायचो. भरती असली की पाणी खारफुटीच्या मुळांत शिरायचं, होड्या हलायच्या. मी डोळे मिटायचो, सतरंजी यायची, पेटी यायची, रुमाल यायचा, मी हात चोळायचो. मूठ उघडायची. मग मी उठून घरी जायला हवं होतं. मी जायचो नाही. मी ढोलकी वाजवायचो.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बाईंनाही नाही. ते आठवणं नव्हतं. आठवणीत आपण स्वतःला बघतो. इथे मी वाजवत होतो. बोटांच्या टोकांना कातड्याचा ताण लागत होता. एखादं बोट चुकलं तर कळत होतं आणि मी ते पुन्हा घेत होतो. दादा ओळ अर्धी सोडून माझ्याकडे बघत होता. दुखण्यासाठी म्हणून सुरू केलेलं मी आता दुखत नसतानाही करू लागलो. कामावर मी घड्याळाकडे बघत राहायचो. घरी जायचं, डोळे मिटायचे.

बायको एकदा म्हणाली, "तुमचं दुखनं कमी झालं याचं मला बरंच वाटतं. पन डोळे मिटून बसलात की तुमी हितं नसता. मी चहा ठेवून जाते आनि तो तसाच गार होतो."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

मग एका रविवारी जेट्टीवर मला चमत्कारिक वाटलं. मूठ उघडली, बोटं मोकळी झाली, पण ढोलकीपर्यंत पोचेनात. मी पुढे वाकलो. तरी पोचेनात. डोळे उघडले आणि नीट लक्ष दिलं तेव्हा कळलं, की तळवा जवळ आला होता. मनगट असायला हवं त्याच्या कितीतरी अलीकडे. मधला हात नव्हताच. मला वाटलं, आज मन लागत नसेल. पण दर आठवड्याला तो थोडा थोडा आत येत गेला. पावसाळा संपेपर्यंत बोटं जवळजवळ कोपराला चिकटली. लहान बाळाच्या हातासारखा एक हात, कोपरातून उगवलेला. तो दुखत नव्हता. मुळीच दुखत नव्हता.

मी बाईंकडे गेलो आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणालो, "हे थांबवा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असं काहींना होतं. हात गेला तरी मेंदूत त्याची जागा राहते. दुखणं असतं तोवर ती जागा जागी असते. दुखणं कमी झालं की काहींच्या बाबतीत तो हात असा आखडत जातो, आणि कधीकधी विरून जातो. आमच्या दृष्टीनं ते वाईट लक्षण नाही."

"तुमच्या दृष्टीनं."

"हो. तुमच्या दृष्टीनं काय, ते तुम्हीच सांगा."

तेव्हा मी त्यांना ढोलकीचं सांगितलं. रोज वाजवतो ते. आता बोटं पोचत नाहीत ते. विचारलं, "दुखणं जाऊ दे, हात राहू दे, असं करता येईल का?"

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. येईल असं सांगून मी तुम्हाला पुन्हा पुन्हा इथे बोलावू शकते. पण मला खरंच माहीत नाही. संमोहनानं लक्ष वळवता येतं. गेलेलं परत आणता येत नाही."

त्या दिवसापासून मी सराव सोडला. आधी दोन-चार दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी उठलो तर हात पुरा होता. मनगट जागेवर, तळवा जागेवर. आणि मूठ आवळलेली. अंगठा आत, नखं रुतलेली. कळ डोक्यात गेली. खरं सांगतो, मला आनंद झाला. एखादं माणूस भांडून का होईना, घरी परत यावं तसा. मी कुणाला काही न सांगता कामावर गेलो. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या मागे जाऊन दात आवळून उभा राहिलो. तसे बरेच दिवस काढले.

बायकोपासून किती लपणार? एका दुपारी मी पलंगावर कुशीला वळून पडलो होतो, घामानं उशी भिजली होती. ती शेजारी येऊन बसली.

"तुमी मुद्दाम करताय ना हे?"

मी हो म्हणालो.

मला वाटलं, ती रागावेल. ती म्हणाली, "मला पन त्याची आठवन येते."

"कुणाची?"

"हाताची. तुमच्या." ती समोर भिंतीकडे बघत बोलत होती. "स्कूटरवर मागं बसले की सिग्नलला तुमी हात मागं आनायचात. बघायचात मी हाय का. बोलायचात नाय काय, नुसता गुडघ्याला हात लावायचात. ते मला आवडायचं. तुमाला सांगितलं नाय कधी. तुमी ढोलकीचं धरून बसलात. मी कुनाला सांगू, मला काय पायजे ते?"

मला ते आठवतच नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्या हाताचा जो हिशेब मनात धरला होता त्यात सिग्नल नव्हता, गुडघा नव्हता. मी डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. ती म्हणाली, "तसं नाय," आणि हसली, आणि मग आम्ही दोघेही रडलो. मूठ त्या वेळीही आवळलेली होती. पण त्या दिवशी मी तिला म्हणालो, की मी परत बाईंकडे जातो.

बाईंना मी एकच मागितलं. हात जायचाच असेल तर जाण्याआधी एकदा मला पुरा कार्यक्रम वाजवू द्या, मध्ये थांबवू नका. त्या म्हणाल्या, "तुम्हाला माझी परवानगी लागत नाही. मी फक्त शेजारी बसते."

त्या दुपारी मी जे वाजवलं ते आजवर कधी वाजवलं नव्हतं. त्यात मैदान होतं, विहार होता, उरणला वाऱ्यानं मंडप फडफडत होता तो कार्यक्रम होता. समोर वडील बसले होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, हे मला त्या वेळीही माहीत होतं. संमोहनात माणूस फसत नाही, हे मी तेव्हा समजलो. ते नाहीत हे माहीत असूनही मी त्यांच्यासाठी वाजवलं. बाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. शेवटी मी स्वतःच थांबलो. हात मांडीवर ठेवला. बोटं अजून गरम होती. मी त्यांच्याकडे बराच वेळ लक्ष दिलं, एकेका बोटाकडे. मग डोळे उघडले.

त्यानंतर तो परत आखडत गेला आणि मी त्याला अडवलं नाही. आता दुखत नाही. थंडीत क्वचित कोपराशी एखाद्या बोटाएवढं काहीतरी शिवशिवतं. मी हातातलं काम सोडून तसाच उभा राहतो. ते थोड्या वेळानं जातं. दुखणं गेलं म्हणून लोक बरं वाटलं म्हणतात, मीही म्हणतो, बरं वाटलं. पण ज्या दुपारी काहीच शिवशिवत नाही त्या दुपारी घर मोकळं मोकळं वाटतं.

यंदा दादाचा बेलापूरला कार्यक्रम होता. बायको म्हणाली, "जाऊ या का?" आम्ही गेलो. मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. नवा ढोलकीवाला चांगला होता. एका ठिकाणी मी वेगळं वाजवलं असतं, पण तो चांगला होता. मला भीती होती की गाणं सुरू झालं की सगळं उसळून वर येईल. तसं झालं नाही. झालं ते भलतंच. दादा गात होता आणि मी पहिल्यांदा शब्द ऐकत होतो. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून मी फक्त लय ऐकली होती, श्वास कुठे घेतो, ओळ कुठे सोडतो. ते गाणं एका आईबद्दल होतं, जी मुलाला शाळेत सोडून परत कामावर जाते. शेकडो वेळा वाजवलेलं गाणं, आणि त्यातली आई मला ठाऊकच नव्हती.

दादानं एका कडव्यात ओळ अर्धी सोडली आणि सवयीनं उजवीकडे, मी बसायचो त्या जागेकडे, बघितलं. नव्या माणसानं ती पुरी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही डाव्या हातानं मांडीवर थाप मारली.

कार्यक्रमानंतर दादा घाम पुसत मागे आला. "कसं झालं?"

"चांगलं झालं."

"खरं सांग."

"दुसऱ्या गाण्यात तो जरा घाई करतो. बाकी चांगलं झालं."

त्यानं रुमाल खिशात घातला. मग म्हणाला, "ये ना घरी बुधवारी. त्याला सांग ते. मी सांगितलं तर ऐकत नाही."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, बघतो.